कोऱ्या पुलावरून

करंजवेल गावात कुणी गेलं की बायांचा गळा निघायच्या आधी एक माणूस नाथा गाजऱ्याच्या घराकडं निघालेला असायचा. नाथा भट नव्हता की गुरव नव्हता. नदीकडंला कांदा-मकंचं थोडकं वावर आणि दोन म्हशी, एवढाच त्याचा पसारा. पण तिरडी त्यानंच बांधायची, असं गावात पडून गेलं होतं. हातातलं काम टाकून तो यायचा, बांबू तोलून बघायचा, वाकडा असला तर दुसरा आणायला लावायचा आणि अंगणात उकिडवा बसून सुतळीचे फेरे टाकायला लागायचा. त्याची गाठ नदीपर्यंत कधी सैल पडली नाय. काम झाल्यावर शेजारच्या घरातून चहा आला तर प्यायचा, नाय आला तर तसाच खांद्याला लागायचा.

हाताइतकंच त्याचं तोंड चालायचं. मयताच्या घरी माणसं बावरलेली असत्यात. हे चालतं का, ते चालतं का, असं एकमेकांना विचारत्यात आणि शेवटाला सगळ्यांच्या माना नाथाकडं वळत्यात. नाथाकडं उत्तर तयार असायचं. पोळ्याच्या दिवशी एक म्हातारा गेला तेव्हा बैल सजवायचे का नाय यावर भावकी अडली. नाथा म्हणाला, शिंगांचा रंग पुसा, झुली राहू द्या. एका मयताला सगळ्या पोरीच होत्या. विस्तवाचं मडकं कुणी धरायचं म्हणून पुतणे पुढं सरसावले, तर नाथानं त्या मडक्याचं शिंकाळं धाकट्या पोरीच्या हातात दिलं आणि म्हणाला, बापाच्या कडेवरून शेवटी उतरली तीच पुढं चालंल. मुंबईहून गाडीत घालून मयत आलं तर गाडीचं तोंड वेशीकडं वळवून मगच उतरवायला लावलं. कुणी उलट बोललं नाय. मयताच्या घरी सांगणारा एक असला की बाकीच्यांना बरं वाटतं.

यातलं किती त्याच्या चुलत्यानं शिकवलं होतं आणि किती त्यानं गाठ मारता मारता जागच्या जागी रचलं होतं, ते फक्त त्याच्या बायकोला, सुलाबाईला ठाऊक. ती म्हणायची, आमच्याकडं सुतळी आणि शास्त्र एकाच मांडीवर वळत्यात. नाथा हसायचा नाय, चिडायचाही नाय. समोरच्यानं विचारल्यावर ठाऊक नाय म्हणणं त्याला जमायचंच नाय, एवढीच त्याची खोड.

आमचं गाव कादवेच्या अलीकडच्या काठाला आणि मसणवटा पलीकडच्या. मध्ये दगडी पूल. इंग्रजाच्या वक्ताचा, काळ्या दगडाच्या कमानींचा आणि इतका अरुंद की समोरून गाडी आली तर एकानं थांबायचंच. पायी चालणाऱ्यासाठी मध्यावर कठड्याला बाहेरच्या अंगानं अर्धगोल पोट काढलेलं होतं. बैलगाडी आली की माणसानं त्यात शिरायचं. मयताचा विसावाही तिथंच व्हायचा. तिरडी घटकाभर खाली टेकवायची, पुढचे खांदेकरी मागं आणि मागचे पुढं व्हायचे, मग परत उचलायची. गावातलं प्रत्येक माणूस त्या पुलावर एकदा आडवं टेकलेलं.

लासलगावला कांदा न्यायचा रस्ताही तोच. बैलगाड्या गेल्या आणि ट्रॅक्टर आले, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लागल्या, तसा पूल खालून दगड टाकायला लागला. मग दोन्ही तोंडांना लोखंडी कमान ठोकून उंच गाड्या बंद झाल्या आणि वरच्या अंगाला नवा पूल निघाला. उंच, रुंद, सिमेंटचा. दोन ट्रॅक्टर एकमेकांकडं न बघता जातील असा. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला त्याचं काम उरकलं, कठड्याला पिवळा-काळा रंगही लागला. पण उद्घाटनाला मोठ्या माणसाची तारीख मिळेना, म्हणून ठेकेदारानं दोन्ही टोकांना पत्रे ठोकून तो बंद ठेवला.

त्याच पावसात दगडी पुलाची मधली कमान गेली. आवाज झाला नाय, कुणाला लागलं नाय. सकाळी लोक परसाकडं निघाले तर पूल मधून नव्हता.

आता पल्याड जायचं तर वरल्या अंगाच्या बंधाऱ्यापर्यंत तीन गावं ओलांडायची आणि तेवढंच परत खाली यायचं. गाव कुरकुरत तसं जाऊ लागलं आणि अशातच रावजी गेला.

रावजी शेळ्या राखायचा. कमी बोलणारा माणूस, म्हातारपणानं गेला, जाण्यातही काही गडबड केली नाय. पण नदी दुथडी भरलेली. अलीकडच्या काठाला सगळे द्राक्षाचे मळे आणि कांद्याची रोपं. आपल्या वावरात सरण रचू द्यायला कोण तयार होणार? तेव्हा नव्या पुलाशी शेड टाकून राहणारा ठेकेदाराचा माणूस आपण होऊन म्हणाला, एक पत्रा खोलून देतो, घेऊन जा. सगळ्यांना हायसं वाटलं. नाथा अंगणात शेवटची आडकाठी बांधत होता. कुणीतरी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, नाथाभाऊ, नव्या पुलावरून न्यायचं ना?

विचारलं नसतं तर रावजी तासाभरात पल्याड गेला असता. पण विचारलं. नाथानं सुतळी दातानं तोडली आणि म्हणाला, "कोऱ्या पुलावरून पयलं मढं नेत नाय. पूल मग माणसं मागत ऱ्हातो."

हे कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. पण ऐकल्यावर असं वाटलं की आपल्या आज्यानं सांगितलं असेल आणि आपणच विसरलो असू. ज्यांची पोरं मोटारसायकली उडवत फिरायची त्या आयांनी लगोलग माना डोलावल्या. सरपंच ज्ञानेश तर खूशच झाला. त्याला फीत कापताना पूल कोराच हवा होता, आणि आता ते त्याला सांगायला लागणार नव्हतं. रावजीची बायको कुसाबाई आतून म्हणाली की पुलाचं काय व्हायचं ते होवो, म्हाताऱ्याला खांद्यावर न्या. घोळक्यात ते कुणी ऐकलं, कुणी नाय ऐकलं.

रावजीला कांद्याच्या ट्रॉलीतून नेलं. वर ताडपत्री धरली होती, पण खड्डा आला की ताडपत्रीतलं पाणी भसकन खाली यायचं. पोरगा एका हातानं बापाला धरून, एका हातानं शिंकाळं सांभाळत बसलेला. तिसऱ्या गावाच्या पुढं मडक्यातला विस्तव विझला. घरातून निघालेला विस्तव सरणापर्यंत जिता ठेवायचा असतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण विझला. मग ट्रॅक्टरच्या टाकीतनं डिझेल काढून, गोवऱ्या भिजवून, काडी लावून तो परत पेटवला. रावजीला खांदा मिळाला तो ट्रॉलीपासून सरणापर्यंत, म्हणजे एखाद्या अंगणाएवढा. कुसाबाई मसणवट्यात गेली नव्हती, एरवी बाया जात नाय. तिला हे सगळं लोकांनी सांगितलं, ज्यानं त्यानं थोडं थोडं.

त्या संध्याकाळी नाथा आंघोळीला दगडावर बसला. सुलाबाई पाणी घालता घालता म्हणाली, "कोऱ्या पुलाचं कुणी सांगितलं वो तुमाला?"

नाथानं चुलत्याचं नाव घेतलं.

"तुमच्या चुलत्यानं जन्मात दुसरा पूल पाह्यला नाय. त्यो कशाला कोऱ्या पुलाचं सांगंल?"

नाथा तोंडाला साबण लावत राहिला. तिनं उरलेला तांब्या एकदम त्याच्या डोक्यावर ओतला. "मला ट्रॉलीत घातलं तर मी उठून बसंन, आत्ताच सांगून ठिवते. जाईन तर खांद्यावरून जाईन. कांद्यासारखी नाय जायची."

नाथा म्हणाला, लय घाई झाली काय तुला. ती म्हणाली, घाई नाय, पण तुमचं तोंड ठाऊक हाय मला.

पुढं नाथा एक बोलला त्याला गावानं चार शेपट्या लावल्या. पूल बळी मागतो, मग पूल आवाज करतो, मग पुलाखाली पांढरं कायतरी दिसतं. हायस्कूलची पोरं पल्याड शिकायला जायची. ती पत्र्याला फट पाडून निघाली असती, पण घरच्यांनी तंबी दिली की पूजा झाल्याबिगर पाय ठेवायचा नाय. पोरं वळसा घालून, काळ्या-पिवळ्या जीपच्या टपावर बसून जायला लागली. सगळे नाथाला मनातून शिव्या घालायचे आणि त्याचं ऐकायचे. नाथाला ते कळत होतं. त्यानं एकदोनदा पारावर म्हणून पाहिलं की मयताचंच तेवढं म्हणालो होतो, जित्या माणसांचं नाय. पण शब्द एकदा गावात गेला की बोलणाऱ्याचा राहत नाय.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुलाबाई म्हशीची धार काढून आली, चरवी खाली ठेवली, ओट्यावर टेकली आणि कलंडली. दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंतही राहिली नाय.

पोरगा शेखर सिन्नरच्या कंपनीत कामाला. तो दुपारच्या आत पोचला. त्यानं आल्या आल्या पहिलं काम केलं ते ट्रॅक्टर सांगायचं. त्याला दुसरा रस्ता ठाऊक नव्हता आणि बापाचा नियम ठाऊक होता. ट्रॉली धुऊन, तळाला पेंढा टाकून ट्रॅक्टर वेशीत येऊन उभा राहिला.

तिरडी नाथाच बांधायला बसला. लोक म्हणाले, आज राहू द्या, दुसरं कुणी बांधंल. त्यानं बांबू सोडला नाय. पण वेळ लावत होता. एक गाठ मारायचा, बघायचा, सोडायचा, परत मारायचा. बघणाऱ्यांना वाटलं दुःख. थोडं तेही असेल. पण तिरडी बांधून होत नाय तोवर रस्ता ठरवावा लागत नव्हता, हेही खरं.

सरपंच ज्ञानेश येऊन शेजारी बसला. सुलाबाईच्या हातची भाकरी कशी खाल्ली होती ते सांगितलं, मग हळूच म्हणाला की तारीख मिळाली हाय, दिवाळीनंतरची, तेवढं सांभाळून घ्या. नाथानं मान हलवली नाय.

शेवटची गाठ झाली. आता करण्यासारखं काही राहिलं नाय. शेखर म्हणाला, ट्रॅक्टर आत घेतो.

"ट्रॉली नको," नाथा म्हणाला.

शेखरला वाटलं बापाला सुधरत नाय. तो समजुतीनं म्हणाला, "मग कसं न्यायचं, दादा? पुलाचं तुमीच सांगितल्यालं हाय."

मागून कुणीतरी, तोंड न दाखवता, म्हणालं की रावजीला एक न्याय आणि घरच्या माणसाला एक, हे बरं हाय. दोन-चार जणांनी घसा खाकरला. कुणी नको म्हणालं नाय.

कुसाबाई आत बायांमध्ये सुलाबाईच्या उशाशी बसलेली होती. ती उठून उंबऱ्यात आली. बाया अशा वेळी पुरुषांत येऊन बोलत नाय, म्हणून माणसं थोडी मागं सरली.

"कोणता कोरा पूल म्हणू ऱ्हायले तुमी?" ती म्हणाली. "म्हाताऱ्याचा दहावा झाला तवापून मी रोज शेळ्या नेते त्याच्यावरून. पल्याड चारा हाय."

ज्ञानेश म्हणाला, "मावशी, पत्रे ठोकलेत ना तिथं."

"पत्र्याच्या खालून. शेळी जाती तिथनं मी बी जाते."

आता गाव बोलायला लागलं. कुणी म्हणालं, गावाला वळसा पडला आणि ही बाई मजेत पल्याड. कुणी म्हणालं, पयलं पाऊल पडलं ते बी कपाळ पुसल्याल्या बाईचं; आधी सांगायला काय झालं होतं?

"तुमी मला कुठं इचारलं," कुसाबाई म्हणाली. "तुमी नाथाभाऊला इचारत व्हता."

त्यावर एक-दोघं हसले आणि मयताचं घर आठवून गप्प झाले. पण अंगणातला ताण मोकळा झाला. हिशेब सगळ्यांच्या डोक्यात एकदम जुळला होता. पूल कोरा नव्हता. महिनाभर बाई चाललेली, शेळ्या चाललेल्या, पुलानं कुणाला मागितलं नव्हतं. म्हणजे नियम नियमाच्या जागी राहिला आणि सुलाबाईला रस्ता मिळाला. भावकीतला एक म्हातारा पुढं होऊन म्हणाला, "म्हंजी आता चालतंय. काय नाथा, चालतंय ना?"

नाथानं नुसतं हूं म्हणायचं होतं. त्याच्या हूंसाठी खांदेकरी उभे होते, टॉवेल खांद्यावर घेतलेले. त्यानं सगळ्यांकडं बघितलं, मग उंबऱ्याकडं.

"मला ठाऊक नाय," तो म्हणाला. "रावजीच्या टायमाला बी ठाऊक नव्हतं. इचारलं म्हणून बोलून गेलो."

शेखरनं मान खाली घातली. ज्ञानेश मोबाइल काढून त्यात बघायला लागला. इतकी वर्षं ज्याच्या सांगण्यावर गावानं आपली माणसं उचलली, टेकवली, पेटवली, त्यानं असं म्हटल्यावर प्रत्येकाला आपलं आपलं मयत आठवलं असणार. आपल्या वेळेला ठाऊक होतं का नव्हतं, हे विचारायला कुणी धजलं नाय.

कुसाबाई उंबऱ्यातून हलली नव्हती. "माझा म्हातारा डिझेलवर पेटला, नाथाभाऊ," ती म्हणाली.

नाथा म्हणाला, "हां."

ती मग म्हणाली, "उचला आता. ऊन उतरू ऱ्हायलं." आणि आत जाऊन बसली.

सुलाबाईला खांद्यावरून नेलं. ठेकेदाराच्या माणसानं पत्रा खोलला. पूल लांबून कोरा दिसायचा, पण वर गेल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लेंड्या पसरल्या होत्या, जुन्या वाळलेल्या आणि सकाळच्या ताज्या. माणसं अनवाणी होती, ती बघून बघून पाय टाकत होती. ज्ञानेश पत्र्यापाशी थबकला, मागं बघितलं, गाव सगळं बघत होतं. मग चपला काढून त्यानंही येऊन खांदा दिला.

मध्यावर विसावा कुठं घ्यायचा हा प्रश्न आला. नव्या पुलाला पोट नव्हतं, सगळा सारखा. एरवी नाथानं पुढं होऊन बोट दाखवलं असतं. तो तिरडीच्या मागं चालत होता, तसाच थांबला. कुणी त्याला विचारलं नाय. शेखरच म्हणाला, इथं ठेवा. ठेवली. पुढचे मागं गेले. विसाव्याच्या जागचा एक खडा पोरानं उचलायचा असतो, त्या खड्यानंच पुढं मडकं फोडायचं. पण सिमेंटच्या पुलावर खडा कुठला? शेखरनं इकडंतिकडं बघितलं आणि कठड्याच्या बुडाशी वाळून राहिलेला सिमेंटचा एक गोळा टाचेनं फोडून काढला. एकजण पुटपुटला की हे दगडात धरतात का. सवयीनं दोन-चार माना नाथाकडं वळल्या आणि वळल्या तशाच सरळ झाल्या. नाथा खाली, पडलेल्या कमानीच्या दगडांवरून पाणी जात होतं, तिकडं बघत होता. शेखरनं गोळा मुठीत धरला आणि तिरडी उचलली गेली.

मसणवट्यात सगळं रीतसर झालं.

दिवाळीनंतर मोठी माणसं आली. आदल्या दिवशी ज्ञानेशनं टँकर बोलावून पूल धुऊन घेतला होता. भाषणात आजपासून या पुलावरून पहिलं पाऊल पडत आहे असं आलं, आणि गावानं टाळ्या वाजवल्या. आता पुलावरून कांद्याच्या ट्रॉल्या भरधाव जात्यात. कुसाबाई शेळ्या कडेनं नेते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत्यात, ती त्यांच्या खानदानाचा उद्धार करते. दगडी पुलाच्या उरलेल्या कमानी तशाच हायेत. पाडायच्या का ठेवायच्या हे कुणी ठरवलेलं नाय.

मयत झालं की माणूस अजून नाथाकडंच येतो. गाठ त्याच्यासारखी दुसऱ्याला येत नाय. तो येतो, बांबू तोलतो, बांधतो. काही विचारायचं असेल तर आता निफाडच्या भटजीला फोन लावत्यात, स्पीकरवर ठेवत्यात, आणि नाथा सुतळीचे फेरे टाकत खाली मान घालून ऐकतो. भटजी कधी एक सांगतो, कधी दुसरं. गावाला त्याचंही काही वाटत नाय.

यंदा रावजीचं वर्षश्राद्ध झालं. कुसाबाईनं भावकीला सांगितलं होतं, नाथाला नव्हतं. तो न बोलावता गेला आणि पंगतीच्या टोकाला बसला. रावजीचा पोरगा वाढप्यांत होता, तो बापडा नाथाकडं बघतच राहिला, म्हणून कुसाबाईनंच भाताचं पातेलं घेतलं. तिनं सगळ्यांसारखंच नाथाच्या पत्रावळीवरही वाढलं, वर आमटी घातली. नाथा मान खाली घालून जेवला. दुसऱ्यांदा ती वाढायला निघाली तेव्हा प्रत्येकापुढं थांबत, घ्या की, लाजू नका, असं म्हणत आली आणि नाथाच्या पुढून तशीच गेली. नाथानं पत्रावळीवर हात आडवा धरला नव्हता.